जुना कॅल्डेरा वाचायचा कसा: ग्लेन्को, भ्रंश आणि घमेलंभर मैदा

दर उन्हाळ्यात आमच्याकडे ग्लासगोला कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि मी बीएस्सीला जिऑलॉजी केलेलं असल्यामुळे (त्याचा दुसरा काही उपयोग आजवर झालेला नाही) त्यांना एक दिवस ग्लेन्कोला, स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका दरीत, नेणं हे ठरलेलं असतं. गाडीनं दोन-अडीच तास. थ्री सिस्टर्स या तीन कड्यांसमोरच्या पार्किंगमध्ये उतरलं की प्रश्नही ठरलेला, "इथं ज्वालामुखी होता म्हणालीस ना, मग खड्डा कुठंय?"

पहिल्या खेपेला मीपण खड्डाच शोधला होता. पुस्तकात वाचलेलं की ग्लेन्को म्हणजे रिंग फॉल्टवाल्या (कडेनं गोल फिरणाऱ्या भेगेवर खचलेल्या) कॅल्डेराचं, म्हणजे ज्वालामुखी आत बसून झालेल्या जागेचं, क्लासिक उदाहरण, त्यामुळे मी दिवसभर डोळे फाडून काहीतरी गोल दिसतंय का बघत फिरले, आणि घरी काय आणलं तर ओले बूट आणि मिजेस नावाच्या चिलटांनी चावून लाल केलेली मान. नंतर हळूहळू कळलं की मी चुकीच्या क्रमानं बघत होते. जुना कॅल्डेरा बघायचा तर आधी सरळ रेषा शोधायच्या आणि गोल सगळ्यात शेवटी. तो क्रम कसा लावायचा ते इथं लिहितेय, घरी बसून काय करायचं आणि डोंगरात गेल्यावर काय बघायचं असं दोन्ही. ग्लेन्कोला जाणं जमणार नसेल तरी अर्धं काम मॅपवर होतं.

आधी एक गोंधळ निस्तरू. ज्वालामुखीच्या तोंडाशी असतो तो क्रेटर, तो स्फोटानं उडून किंवा आजूबाजूला साचून झालेला, बहुतेक वेळा लहानसा. कॅल्डेरा म्हणजे खाली साठलेला शिलारस भसाभस बाहेर पडल्यावर वरचं छप्पर आत बसतं ना, ती बसलेली जागा. काही किलोमीटरपासून ते पार शंभर किलोमीटरपर्यंत. आणि कुणीतरी विचारणारच म्हणून सांगते, आपलं लोणार दोन्हीत बसत नाही, ते उल्केच्या धडकेनं झालंय, ज्वालामुखीच्या खडकात आहे एवढंच. त्याचा गोल बघून बघून आपल्या डोक्यात "खड्डा म्हणजे गोल" असं घट्ट बसलंय बहुतेक.

तर छप्पर कसं बसतं? माझं आजोळ बार्शीकडचं, माळवदाचं घर. एका पावसाळ्यात मागची खोली बसली होती आणि मला अजून आठवतंय, माळवद काही मधोमध गोल भोक पडून खाली आलं नव्हतं. एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंतचा खण सरळ रेषेत खाली आला, शेजारचा खण तसाच लटकत राहिला आणि दोन दिवसांनी तोही आला. माती सगळी सारखीच होती, पण पडायचं कुठून ते खालच्या लाकडांनी आधीच ठरवून ठेवलेलं. जमिनीतल्या तुळया आणि जोड म्हणजे भ्रंश, फॉल्ट, जिच्या दोन बाजू एकमेकींना धरून सरकतात अशी खडकातली भेग. शिलारसाचं कोठार तयार व्हायच्या कितीतरी आधीपासून ते तिथं असतात, आणि छप्पर बसायची वेळ आली की बसणं त्यांच्या रेषेनं होतं. ग्लेन्कोमध्ये हेच झालंय, पण ते लोकांच्या लक्षात यायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली.

ती गोष्ट थोडक्यात. १९०९ मध्ये क्लफ, मॉफ आणि बेली या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या तिघांनी ग्लेन्कोवर पेपर लिहिला. त्यांनी मॅपिंग करताना बघितलं की ज्वालामुखीचे खडक एका लंबगोल भ्रंशाच्या आत अडकलेत आणि बाहेर जुने रूपांतरित खडक, शिस्ट नि क्वार्ट्झाइट, आणि त्या भ्रंशाला चिकटून बाहेरच्या अंगानं ग्रॅनाइटसारखा खडक वर आलाय. त्यावरून त्यांनी म्हटलं की आतला अख्खा ठोकळा पिस्टनसारखा खाली गेला आणि कडेच्या फटीतून शिलारस वर चढला. प्राचीन ज्वालामुखीतला खचलेला ठोकळा असा उलगडून दाखवणारं हे पहिलं मोठं उदाहरण, आणि पुढं जगभर कुठंही कॅल्डेरा दिसला की लोक रिंग फॉल्ट शोधायला लागले. मग १९९७-९८ च्या सुमाराला मूर आणि कोकेलार या दोघांनी त्याच डोंगरांत परत एकेक थर बारकाईनं बघून दाखवलं की ठोकळा एकसंध नव्हताच, तो तुकड्यातुकड्यानं, वेगवेगळ्या वेळी खचत गेला आणि तुकड्यांच्या कडा ठरवल्या त्या भागातल्या आधीच्या भ्रंशांनी. रिंग आहेच, तिघं चुकले नव्हते, पण ती गोष्टीचा शेवट आहे आणि सगळ्यांनी ती सुरुवात समजून वाचली. ज्या गावात थिअरी जन्मली त्याच गावात तिची दुरुस्ती झाली, मला हे फार आवडतं.

आता कामाला लागू.

आधी घरी, घमेल्यात

हे पोरांना घेऊन करा, मजा येते, फक्त गॅलरीत करा. एक घमेलं किंवा जुना टब घ्या (परात चालणार नाही, उथळ पडते), लहान फुगा, त्याच्या तोंडाला दोरीनं घट्ट बांधलेली बारीक नळी, सलाईनची किंवा फिश टँकची चालते, आणि कीड लागून टाकायला झालेला मैदा. शिवाय रांगोळी, दोन-तीन रंगांची. फुगा संत्र्याएवढा फुगवून नळीला चिमटा लावा, तळाशी ठेवा, नळी बाहेर काढा आणि वरून मैदा चाळून टाकत जा, मधेमधे रांगोळीचा पातळ रंगीत थर द्या म्हणजे काय किती खाली गेलं ते नंतर कापल्यावर दिसेल. फुग्यावरचा मैदा फुग्याच्या रुंदीपेक्षा कमी जाड ठेवा, छप्पर फार जाड झालं तर ते सुटसुटीत खाली बसत नाही, आतल्या आत तुटून गोंधळ होतो (खऱ्या कॅल्डेरातही तसंच होतं, छपराची जाडी आणि रुंदी यांच्या प्रमाणावर बरंच अवलंबून असतं). आणि फुगा आधी फुगवून मगच पुरायचा, पुरल्यावर फुगवला तर वरचा मैदा नुसत्या फुगण्यानंच तडकतो आणि तुमचा प्रयोग बिघडतो.

पहिल्यांदा काही न करता चिमटा हळूच सोडा. मैदा खाली बसेल, कडेनं वर्तुळासारखी भेग येईल. हा झाला १९०९ चा ग्लेन्को.

मग सगळं परत भरा आणि या वेळी हवा सोडायच्या आधी स्टीलची फूटपट्टी उभी खुपसून फुग्याच्या डोक्यावरून दोन समांतर काप द्या, चार-पाच सेंटीमीटर अंतर ठेवून, आणि त्यांना आडवा छेदणारा एखादा. काप सरळ, पट्टी अलगद बाहेर. फुगा कापू नका, मी एकदा कापलाय. आता चिमटा सोडा, पण अर्धा, मग थांबा, मग परत थोडा. बसकण आता कापांना धरून होते, दोन कापांमधला पट्टा आधी खाली जातो, आडव्या कापाच्या एका बाजूचा तुकडा दुसऱ्यापेक्षा जास्त उतरतो, आणि गोल भेग आलीच तर बरीच उशिरा, पट्टा पुरेसा बसल्यावर. पहिल्या प्रयत्नात नीट जमेलच असं नाही, मैदा दमट असला की तर नाहीच. पण एकदा डोळ्यानं बघितलं की पुढचा मॅप वेगळाच दिसायला लागतो, हे मात्र नक्की.

मग मॅप

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा ऑनलाइन जिऑलॉजी मॅप फुकट बघता येतो, त्यात ग्लेन्को शोधा, लॉख लेव्हनच्या दक्षिणेला (लॉख म्हणजे तिकडचं तळं किंवा खाडी). हौस जास्त असेल तर ग्लेन्कोचा १:२५,००० चा स्वतंत्र शीट पण निघालेला आहे. रंग लगेच डोळ्यांत भरतात आणि तिथंच पहिला मोह होतो की वा, हा बघा लंबगोल. साधारण १४ किलोमीटर लांब, ८ किलोमीटर रुंद, वायव्य-आग्नेय पसरलेला. त्याच्यावर बोट ठेवा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा, हा लांबट का? शिलारसाचं कोठार स्वतःच्या मर्जीनं फुगलं असतं तर गोलाच्या जवळपासचं काहीतरी व्हायला हवं होतं. लांबट आहे म्हणजे कुणीतरी ओढलंय किंवा कशाच्या तरी मधे दाबलं गेलंय.

आता झूम आउट करा, चांगलं दीडशे-दोनशे किलोमीटर दिसेल इतकं. वायव्येला एक जबरदस्त सरळ रेघ दिसेल, इन्व्हरनेसपासून फोर्ट विल्यमकडे तिरकी कापत आलेली, तिच्यातच लॉख नेस पडलंय. हा ग्रेट ग्लेन फॉल्ट, ईशान्य-नैर्ऋत्य. स्कॉटलंडच्या या पट्ट्यातले बरेच मोठे भ्रंश याच दिशेचे. ग्लेन्कोचा ज्वालामुखी सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आयापेटस नावाचा समुद्र मिटून दोन खंड एकमेकांवर येऊन आदळले होते त्या सगळ्या प्रकरणाच्या शेवटाकडचा, आणि तेव्हा हे मोठे भ्रंश आडवे सरकत होते. दोन गाड्या एकमेकींना घासत जातात तसे. आडवं सरकणं कधीच एकसारखं होत नाही, कुठं दाब पडतो आणि कुठं ताण पडून जमीन फाकते. फाकलेल्या जागी खचदरी होते. खचदरी हा शब्द शाळेतल्या भूगोलात नर्मदेसाठी आलेला आठवत असेल, दोन समांतर भ्रंश आणि मधला पट्टा खाली.

ग्लेन्कोखाली अशी एक वायव्य-आग्नेय खचदरी होती, आणि तिला आडवे छेदणारे ईशान्य-नैर्ऋत्य भ्रंश होते. लंबगोलाची लांबी कुठल्या दिशेनं होती? वायव्य-आग्नेय. झालं, मॅपवरचं पहिलं काम इथं संपलं. पेन्सिल घेऊन लंबगोलाचा लांब अक्ष काढा, त्या भागातल्या मोठ्या भ्रंशांच्या दिशा काढा आणि कुणाचं कुणाशी जुळतं ते बघा. नुसतं जुळलं म्हणून पुरावा होत नाही, त्यावर पुढं येतेच, पण संशय घ्यायला जागा मिळते.

मॅपवर अजून एक गोष्ट दिसेल, लाल-गुलाबी बारीक रेघांचा जुडगा ईशान्य-नैर्ऋत्य पळतोय, सगळ्यांना कापत. ते डाइक आहेत, फटीत घुसून थिजलेला शिलारस. धुळे-नंदुरबारकडे ज्यांनी मैलोनमैल पूर्व-पश्चिम पळणाऱ्या काळ्या दगडी भिंती बघितल्यात त्यांना हे सांगायला नको. ग्लेन्कोत यातले बहुतेक कॅल्डेरा बसून गेल्यानंतरचे, दक्षिणेकडच्या एटिव्हच्या ग्रॅनाइटबरोबर आलेले. त्यांना खचण्याच्या भ्रंशांत मोजू नका. पण डाइक ज्या दिशेनं पळतो त्याच्या काटकोनात तेव्हा जमीन ताणली जात होती एवढं मात्र ते सांगतात, म्हणून त्यांची दिशा वहीत लिहून ठेवा.

डोंगरात: काय बघायचं

पहिलं सांगते ते हे की ग्लेन्कोची दरी म्हणजे कॅल्डेरा नाही. दरी कोरली हिमनदीनं, अगदी अलीकडे. उलट जे खचलं होतं तेच आज डोंगर म्हणून उभं आहे, कारण आत बसलेले ज्वालामुखीचे थर खाली जाऊन सुरक्षित राहिले आणि बाहेरचे, वर राहिलेले, झिजून गेले. पाहुण्यांच्या "खड्डा कुठंय" ला उत्तर हेच, मान वर करा, समोरचे थ्री सिस्टर्स आणि त्यांच्यामागं लपलेला ११५० मीटरचा बिजन नम बिअन, हा सगळा खड्ड्यात भरलेला माल आहे.

क्लाखेग इन या दरीतल्या हॉटेलच्या बाजूनं एनाख डू या डोंगराचा पश्चिमेकडचा कडा बघा. खालचा अर्धा भाग काळपट, पायऱ्यापायऱ्यांचा, आणि वर फिकट गुलाबी-करड्या रंगाचे उभे कडे. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं, पायऱ्या दिसल्या की आपण लगेच म्हणणार लाव्हाचे थर, एकावर एक, हरिश्चंद्रगडासारखे. इथं बरोब्बर फसायला होतं. फक्त आपलंच नाही, जुने भूशास्त्रज्ञही ते लाव्हाचे थरच मानायचे. पण त्या अँडेसाइटच्या (हा एक काळपट ज्वालामुखी खडक) पायऱ्यांमधल्या सांध्यांत जवळ जाऊन बघितलं तर वरची बाजू सपाट नाही, तिथं अँडेसाइटचे वेडेवाकडे लचके आणि गाळ एकमेकांत कालवल्यासारखे दिसतात, म्हणजे शिलारस जमिनीवर वाहिला नाही, तर ओल्या चिखलात खालून घुसला. याला पेपराइट म्हणतात. आता विचार करा, ज्वालामुखी सुरू व्हायच्या वेळी तिथं एवढा जाड ओला गाळ आला कुठून? खोलगट जागा असल्याशिवाय गाळ साचत नाही. म्हणजे स्फोट व्हायच्या आधीच जमीन खचत होती, खचदरी आधी होती आणि तिच्यात नदी वाहत होती. मला विचाराल तर भ्रंश आधीचे होते याचा ग्लेन्कोतला सगळ्यात सुंदर पुरावा हा चिखल आहे, रिंग फॉल्टपेक्षा कितीतरी भारी, पण त्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून कुणी टाकत नाही.

वरचे फिकट कडे रायोलाइटचे. रायोलाइटचा शिलारस घट्ट, चिकट, पाकासारखा नाही तर चिक्कीच्या गुळासारखा, त्यात गॅस अडकतो आणि मग तो फुटतोच. त्यातून नदीचं पाणी आणि खचदरीतला ओला गाळ वाटेत असेल तर शिलारस-पाणी भेटून स्फोट अजून भयंकर होतात आणि तळाशी बारीक राखेचे थर सापडतात. म्हणजे भ्रंशानं दिलेली खचदरी नुसती आकार ठरवत नाही, पाणी गोळा करून स्फोटाचा प्रकारही बदलते. हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

आता थर मोजायचे. हा कंटाळवाणा भाग आहे आणि खरा भागही हाच. एखादा संशयित भ्रंश निवडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तोच थर शोधा. चार शक्यता असतात. थर दोन्हीकडे सारख्याच जाडीचा आणि नुसता तुटून वर-खाली झालेला असेल तर भ्रंश नंतर हलला, खचण्याशी त्याचा संबंध दाखवता येत नाही. खालच्या बाजूला थर अचानक जाड असेल, इकडे वीस मीटर आणि तिकडे शंभर असं काहीतरी, तर तो थर साचत असताना तिथं उतार किंवा खड्डा होता, भ्रंश तेव्हा किंवा जरा आधी हलला होता. भ्रंश खालचे थर कापतो पण वरच्या थराखाली जाऊन गुमान संपतो, वरचा थर त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखा अखंड पसरलाय, तर तो भ्रंश त्या वरच्या थराच्या आधीच थांबला. आणि चौथी, माझी आवडती, भ्रंशाच्या पायथ्याशी मोठमोठ्या टोकदार धोंड्यांचा ढीग राखेत मिसळलेला, म्हणजे तिथं उघडा कडा होता आणि तो कोसळत होता. हे चारही प्रकार वहीत चित्र काढून ठेवा, डोंगरात पाऊस लागला की डोकं चालत नाही.

थरांच्या मधे गोल गुळगुळीत गोटे दिसतात का तेपण बघा, कंग्लोमरेट. टोकदार म्हणजे कोसळलेले, गोल म्हणजे नदीनं वाहून आणलेले. ग्लेन्कोत स्फोटांच्या थरांमधे असे नदीचे थर परत परत येतात आणि नदीनं खालचा थर कापलेला दिसतो. म्हणजे एक मोठा स्फोट, तुकडा खचला, सगळं राखेनं भरलं, मग भरपूर काळ गेला, नदी पुन्हा त्याच खचदरीच्या वाटेनं वाहायला लागली, मग पुढचा स्फोट, आता दुसरा तुकडा खचला. एका झटक्यात पिस्टन खाली गेला असता तर नदीला मधे येऊन गोटे घासायला वेळ कुठून मिळाला असता? आणि नदी पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं येते म्हणजे खालची खचदरी ज्वालामुखी चालू असतानाही खचतच होती, त्याच्या हिशोबानं नाही तर स्वतःच्या हिशोबानं.

आता रिंग

इतकं झाल्यावर रिंग बघायला जा, आता ती बघायची मजा वेगळी. ए८२ या हमरस्त्यावर आल्टनाफेचं पार्किंग आहे, समोर बुखल एटिव्ह मोरचा तो कॅलेंडरवाला त्रिकोण (तोपण रायोलाइटच), तिथून डेव्हिल्स स्टेअरकेसची वाट चढते, वेस्ट हायलँड वे या लांब पल्ल्याच्या पायवाटेचाच भाग आहे त्यामुळे वाट चुकत नाही. खिंडीत पोचल्यावर डावीकडे, पश्चिमेला स्टॉब विक वार्टिन, ७०० मीटरच्या आसपासचा साधा डोंगर. त्याच्या उतारावर रिंग फॉल्ट उघडा पडलाय. एका बाजूला भरडून निघालेला क्वार्ट्झाइट, दुसऱ्या बाजूला भ्रंशाला धरून वर आलेला ग्रॅनाइटसारखा खडक, आणि मधे काळी, गारगोटीसारखी घट्ट, बारीक पट्टी. १९०९ च्या तिघांनी तिला फ्लिंटी क्रश रॉक म्हटलं होतं. ठोकळा इतक्या वेगानं खाली सरकला की घर्षणानं खडकच वितळला, असा तिचा अर्थ लावतात, आणि कोकेलारनं २००७ मध्ये अशा कॅल्डेराच्या भ्रंशांना सुपरफॉल्ट म्हटलं. भूकंपात भ्रंश एका वेळी काही मीटर सरकला तरी आपण घाबरतो, इथं एकाच दणक्यात त्याच्या कितीतरी पट.

चढायचं नसेल तर दरीच्या खालच्या टोकाला, लॉख आख्ट्रिऑख्टनच्या काठावरून अन त्रोन या डोंगराच्या उत्तर अंगावरची ती खोल काळी घळ बघा, तीसुद्धा रिंग फॉल्टवरच झिजून झालेली आहे. रस्त्यावरून दिसते. माझ्या सासूबाईंना तिथूनच दाखवली, गुडघे वाचले.

हातोडी नेऊ नका. हा नॅशनल नेचर रिझर्व्ह आहे आणि स्टॉब विक वार्टिनची ती पट्टी आधीच शंभर वर्षांच्या विद्यार्थ्यांनी पुरेशी ठोकलीय. भिंग, कंपास, पेन्सिल, पाणी लागलं तरी टिकणारी वही. मे ते सप्टेंबर मिजेस, डासापेक्षा बारीक पण हजारोंनी, जाळीची टोपी घ्याच, लाज वाटू देऊ नका. रिंगला लागून कंपासनं दिशा घेत चला, आणि ती जिथं जिथं गोलाई सोडून सरळ पळायला लागते किंवा कोपरा करते तिथं थांबून मॅपवर बघा जवळ कुठला जुना भ्रंश येऊन मिळतोय का. घमेल्यात आडवा काप दिला होता ना, तो कोपरा.

फसायच्या जागा

लांबट दिसला की भ्रंशानं केलं, असं म्हणून मोकळं होऊ नका. केनियाच्या खचदरीतले काही कॅल्डेरा लांबट आहेत पण खचदरीच्या दिशेनं नाहीत, तिला आडवे. त्याचा एक खुलासा असा की खाली कोठार गोल असतानाच आजूबाजूच्या ताणामुळे त्याच्या दोन बाजू ढासळत गेल्या, खोल बोअरवेलचं भोक जसं एका दिशेनं ढासळून लांबट होतं तसं. तिथं भ्रंशापेक्षा ताणाची दिशा महत्त्वाची. म्हणून नुसत्या अक्षावरून निकाल द्यायचा नाही, वर सांगितलेल्या चार शक्यतांतून थर काय म्हणतात ते लागतंच.

दुसरी जागा म्हणजे एकात एक मिसळलेले कॅल्डेरा. सुमात्रातलं टोबा घ्या, १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद, वायव्य-आग्नेय, शेजारून जाणाऱ्या मोठ्या सुमात्रा फॉल्टला अगदी समांतर. बघता क्षणी वाटतं भ्रंशानंच ओढून ठेवलंय, आणि भ्रंशाचा हात आहेच, पण ते एका स्फोटाचं काम नाही. गेल्या बारा-तेरा लाख वर्षांत तिथं चार मोठे स्फोट झाले, शेवटचा आणि सगळ्यात मोठा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी, आणि आज दिसतो तो खड्डा या सगळ्यांचा एकमेकांवर चढून झालाय. एका रांगेत चार गोल खड्डे पाडले तरी लांबट दिसणारच. पण मग रांगेतच का पडले, हा प्रश्न विचारलात की परत भ्रंशापाशी येता, फक्त वेगळ्या दारानं.

टोबाला जायची गरज नाही तसं. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी गावाशी नदीच्या गाळात पांढरट राखेचा थर आहे, टोबाची राख, उडत उडत तिथपर्यंत आलेली. टोबाच्या नेमक्या कुठल्या स्फोटाची, ७४ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याच्याही कितीतरी आधीच्या, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. पुढच्या डिसेंबरात पुण्याला आले की जाणार आहे. तुम्ही आधी गेलात तर उकरू नका, त्याच गाळात अश्मयुगीन हत्यारं सापडतात, नुसतं भिंग लावून बघा, काचेच्या चुऱ्यासारखं चमकतं का ते.